पिपेट घ्यायची आहे? आधी अंगठ्याला विचारा

(भाग ३८ ची लिखित आवृत्ती. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं गाळलंय.)

आजचा भाग लॅबवाल्यांसाठी. बायोटेक, मायक्रो, डीएमएलटी, फार्मसी, पीएचडीची तिसऱ्या वर्षातली मंडळी, डायग्नोस्टिक लॅबमध्ये नाइट शिफ्ट करणारे, सगळे या. आणि तुमच्या घरात कुणी संध्याकाळी येऊन मनगट चोळत बसत असेल, तर त्यांना ही लिंक पाठवा.

एका श्रोतीची व्हॉइस नोट आली होती. नाव सांगत नाही. ती म्हणते, "ताई, आमच्या लॅबमध्ये नवीन पिपेट घ्यायच्यात. मॅडमनी मला तीन कोटेशन आणायला सांगितलीत. सगळ्यांच्या ब्रोशरवर 'अर्गोनॉमिक' लिहिलंय. मग बघायचं काय? आणि माझा अंगठा दोन महिन्यांपासून दुखतोय, ते याच्यामुळेच असेल का?"

प्रश्न दोन आहेत, आणि मला दुसऱ्यापासून सुरुवात करायचीय. कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मोबाइल जरा खाली ठेवा. अंगठा तळहातावर आडवा घ्या, त्याच्यावर चार बोटं मिटून मूठ करा. आता मूठ हळूच करंगळीच्या दिशेनं खाली वाकवा. हळूच हं, झटका नको. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो. पण अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जोरात कळ आली, तर तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता आहे. याला डी क्वेर्वेनचा विकार म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्वेन नावाच्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. अंगठा बाहेर उचलणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तो बोगदा जाड झाला, सुजला, की अंगठ्याची प्रत्येक हालचाल घासून होते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हेच होतं.

ही चाचणी म्हणजे निदान नाही. कळ आली तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मी दिवसाला इतके तास पिपेटिंग करते. हे सांगितलं नाही तर ते मोबाइलवर खापर फोडतील आणि तुम्हीही मान डोलावून परत याल. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर ती भानगड वेगळी, तिथे मनगटातली नस दाबली जात असते. करंगळीला मुंग्या येत असतील, तर तुम्ही कोपर बेंचच्या कडेवर टेकवून काम करता का ते बघा. दुखणं कुठे आहे, यावर उपाय ठरतो.

आता पिपेटचा आणि अंगठ्याचा संबंध बघू.

साठेक वर्षांपूर्वीपर्यंत काचेची नळी तोंडात धरून ओढायची पद्धत होती. हो, तोंडानं. रक्त, जंतू, ॲसिड, सगळं. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात हाइनरिश श्निटगर नावाचा डॉक्टर या प्रकाराला वैतागला. त्यानं स्प्रिंगवरचा दट्ट्या आणि बदलता येणारी प्लास्टिकची टिप असलेलं एक यंत्र स्वतःच जमवलं. एपेनडॉर्फ कंपनीनं ते १९६१ च्या सुमारास बाजारात आणलं. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या वॉरन गिल्सननं आकडा फिरवून हवा तो व्हॉल्यूम घेता येईल अशी पिपेट आणली. आज तुमच्या हातात जी आहे, ती यांचीच नात किंवा पणती.

तोंड सुटलं आणि अंगठा अडकला. कारण त्या रचनेत सगळी कामं एकट्या अंगठ्याकडे गेली. दाबायचं त्यानं, हळू सोडायचं त्यानं, परत दाबायचं, मग आणखी खोल दाबून शेवटचा थेंब उडवायचा, आणि टिप फेकायचीही त्यानंच. बाकीची चार बोटं नुसती धरून उभी.

हिशोबच करू ना. समजा ९६ घरांची एक क्यूपीसीआर प्लेट लावायचीय. प्रत्येक घरात १८ मायक्रोलिटर मास्टर मिक्स आणि २ मायक्रोलिटर डीएनए. एका चॅनेलच्या साध्या पिपेटनं. मास्टर मिक्स एकाच टिपनं कोरड्या घरांत टाकलं, तर दर घरामागे तीन दाब. घेताना एक, सोडताना पहिल्या स्टॉपपर्यंत एक, दुसऱ्या स्टॉपपर्यंत एक. ९६ गुणिले ३, म्हणजे २८८. शेवटी टिप फेकायचा एक. आता डीएनए. इथे प्रत्येक वेळी नवीन टिप, म्हणजे दर घरामागे चार दाब. ९६ चोक ३८४. सगळे मिळून ६७३. एका प्लेटला. आणि यात पिपेट टिपवर बसवण्याचे धक्के धरलेलेच नाहीत.

हेच काम आठ चॅनेलच्या पिपेटनं केलं तर १२ ओळींचं होतं. मिक्सचे ३६ आणि एक, डीएनएचे ४८. एकूण ८५. म्हणजे अर्गोनॉमिक पिपेट विकत घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की एवढ्या वेळा दाबायची गरज आहे का. फुकटातला सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. मात्र आठ टिपा एकदम फेकायला जास्त जोर लागतो, तेव्हा मल्टीचॅनेल निवडताना टिप फेकण्याचा दाब आणखी काटेकोरपणे बघायचा.

किती पिपेटिंग म्हणजे जास्त? स्वीडनमध्ये लॅब टेक्निशियन स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला ३०० तासांपेक्षा जास्त पिपेटिंग करणाऱ्यांमध्ये हात आणि खांद्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. ३०० तास ऐकायला खूप वाटतात. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरा, दिवसाला ७२ मिनिटं झाली. बस्स. थिसिसच्या शेवटच्या वर्षातली मुलगी हा आकडा दिवाळीच्या आत ओलांडते. ही काही लक्ष्मणरेषा नाही, की २९९ ला सुरक्षित आणि ३०१ ला संपलं. पण मॅडमशी बोलताना "दुखतं हो" यापेक्षा "मी दिवसाला दोन तास पिपेटिंग करते" हे वाक्य जास्त कामाचं आहे. आठवडाभर वहीत मिनिटं लिहून काढा. खरंच लिहा.

आता खरेदी.

'अर्गोनॉमिक' हा शब्द ब्रोशरवर फुकट छापता येतो. मूठ जरा वाकडी केली, रबराची पट्टी लावली, झालं अर्गोनॉमिक. तुम्हाला बघायचेत ते दाब. पिपेटला पहिल्या स्टॉपपर्यंत न्यायला किती जोर लागतो, दुसऱ्यापर्यंत किती, टिप बसवायला किती, फेकायला किती. चांगले उत्पादक हे आकडे न्यूटनमध्ये देतात. न्यूटनला दहानं भागा, साधारण किलोचा अंदाज येतो. २० न्यूटन म्हणजे अंगठ्यानं दोन किलोचं वजन ढकलल्यासारखं. डीलर म्हणाला, "मॅडम, आमची एकदम सॉफ्ट आहे", तर हसून आकडा मागायचा. मेलवर मागायचा.

आकडा मिळाला नाही तर घरच्या घरी काढता येतो. यासाठी मला डीलर लोक शिव्या घालतील. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा घ्या. लॅबमधल्या नाजूक वजनकाट्यावर हे चुकूनही करू नका, तो बिघडेल आणि माझं नाव पुढे येईल. पिपेट कोरडी हवी, टिप काढलेली हवी. तिला उलटी करा, प्लंजरचं बटण काट्यावर टेकवा आणि पिपेटची बॉडी धरून सरळ खाली दाबा. पहिला स्टॉप लागतो तेव्हाचा आकडा बघा, मग दुसऱ्याचा. ग्रॅममध्ये जे दिसतं तोच दाब तुमचा अंगठा दर वेळी देतो. तुमची जुनी पिपेट आणि डेमोला आलेली नवीन, दोन्ही मोजा. एकाच ब्रँडच्या दोन जुन्या पिपेटमध्येसुद्धा फरक निघतो. का, ते पुढे येईल.

आता माझ्या मते या सगळ्यातला खरा खलनायक. टिप.

लोक महिनाभर चर्चा करून पिपेट घेतात आणि टिपा मात्र स्टोअरमध्ये ज्या पडल्या असतील त्या. हे म्हणजे चांगले बूट घेऊन आत दोन नंबर लहान मोजे घालण्यासारखं. पिपेटचं टोक म्हणजे शंकू, आणि टिपचं तोंड म्हणजे त्या शंकूवर बसणारी टोपी. ही टोपी नीट बसणारी असली तर हलक्या दाबानं हवाबंद होते आणि हलक्या दाबानं सुटते. माप जरा चुकलं की टिप हलते, थेंब गळतो, मग आपण काय करतो? ठोकतो. टिपबॉक्सवर धाड धाड धाड. लॅबमध्ये हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. ठोकून घट्ट बसवलेली टिप काढायची कुणी? अंगठ्यानं. म्हणजे वाईट टिप दोनदा मारते, एकदा मनगटाला धक्का देऊन आणि एकदा अंगठ्याला. वर पिपेटचं टोकही झिजतं, मग चांगली टिपसुद्धा तिच्यावर धड बसत नाही आणि आपण आणखी जोरात ठोकतो.

म्हणून कोटेशन मागवताना पिपेट आणि टिप एकत्र मागवा. कॅलिब्रेशनचे आंतरराष्ट्रीय नियम, आयएसओ ८६५५, तेही पिपेट आणि टिप यांना मिळून एक साधन धरतात. म्हणजे सर्टिफिकेट ज्या टिपवर झालं, ती सोडून भलतीच टिप लावली तर त्या सर्टिफिकेटचा अर्थ पातळ होतो. 'युनिव्हर्सल टिप' म्हणजे बहुतेकांवर बसते. तुमच्यावर उत्तम बसते असं कुणी म्हटलेलं नाही.

तपासायचं कसं? टिपबॉक्सवर पिपेट सरळ धरा आणि एकदाच, साधारण बेल दाबतो तेवढ्या जोरानं दाबा. ठोकायचं नाही, गोल फिरवायचं नाही. उचला. टिप आली का? सरळ आली का, की एका बाजूला कलली? बोटानं हलकं हलवून बघा. मग पूर्ण व्हॉल्यूम पाणी घ्या आणि पिपेट उभी धरून वीसेक सेकंद थांबा. टोकाला थेंब जमला तर हवा आत शिरतेय. शेवटी टिप फेका आणि अंगठ्याकडे लक्ष द्या. त्याला कुरकुर करावी लागली का? हे एका टिपनं करू नका, एका बॉक्समधल्या निदान दहा टिपांवर करा. स्वस्त टिपांचा त्रास हाच, की पहिली छान असते आणि सातवी वाकडी निघते. मल्टीचॅनेल असेल तर आठही टिपांतलं पाणी एका रेषेत आहे का ते डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. एक जरी खाली-वर असली तर ती नीट बसलेली नाही.

काही कंपन्यांनी शंकूच बदलून टाकलाय. टोक सरळ नळीसारखं आणि टिपच्या आत एक पातळ कडा, त्यामुळे फेकायचा दाब खूप कमी होतो. काहींनी टोकात स्प्रिंग घातलीय, म्हणजे ठरावीक दाबानंतर तुम्ही कितीही ठोका, टिप जास्त घट्ट होतच नाही. दोन्ही कल्पना छान आहेत. पण पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा त्याच रचनेच्या टिपा घ्याव्या लागतात, आणि तिथे परचेसवाल्यांची नजर लागते. नजर लागणं अगदीच चूक नाही म्हणा. २०२१ मध्ये जगभर टिपांचा तुटवडा झाला होता, आठवतं? कोविडच्या टेस्टिंगमध्ये टिपा संपत होत्या, त्यात फेब्रुवारीत टेक्ससमध्ये बर्फाचं वादळ येऊन प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारे कारखाने बंद पडले. तेव्हा एकाच प्रकारच्या टिपेवर अडकलेल्या लॅबची पंचाईत झाली. मला विचाराल तर दिवसभर जिथे काम चालतं त्या दोन-तीन पिपेट कमी दाबाच्या घ्या आणि बाकीच्या साध्या शंकूच्या ठेवा. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, आणि सगळ्या टोपल्या सगळ्यात स्वस्तही नकोत.

टिपांत आणखी निवड असते, ती पटकन सांगते. फिल्टरवाली टिप पीसीआर, आरएनए, पेशंटचं सॅम्पल, किरणोत्सारी किंवा वाफ होणारं काही असेल तिथेच घ्या. बफर बनवायला फिल्टर टिप म्हणजे पैसे कचऱ्यात. डिटर्जंट असलेलं, चिकट, मौल्यवान एन्झाइम असेल तर लो-रिटेन्शन टिप, आतल्या बाजूला कमी चिकटतं. लांब डीएनए तुटू नये म्हणून रुंद तोंडाची. खोल ट्यूबसाठी लांब टिप, नाहीतर पिपेटची बॉडी ट्यूबच्या तोंडाला घासते आणि आपलं मनगट वाकतं. फिल्टर टिप ऑटोक्लेव्ह करायची का, हे पाकिटावर वाचा. अंदाजानं करू नका.

परत पिपेटकडे. डेमो मागा. डीलर ब्रोशर देऊन निघायच्या बेतात असतो, त्याला म्हणा, आठवडाभर ठेवून जा. आणि डेमो कुणी घ्यायचा? जी दिवसभर वापरणार तिनं. हे सांगायला लागतंय याचंच मला वाईट वाटतं. बऱ्याच ठिकाणी पिपेट निवडतात ते सर किंवा परचेस कमिटी, ज्यांनी दहा वर्षांत टिप लावलेली नसते. हाताचा आकारही बघायचा. उंच माणसाच्या मोठ्या हातात जी पिपेट मजेत बसते, तीच लहान हाताच्या मुलीला अंगठा पूर्ण ताणून दाबावी लागते. ग्लोव्ह घालून धरा, कारण काम ग्लोव्ह घालूनच होणार आहे. वरचा आकडा तर्जनीवर टेकतो तिथला आकडीसारखा भाग नीट बसला पाहिजे, म्हणजे मूठ सैल सोडली तरी पिपेट लटकून राहते. दोन दाबांच्या मध्ये बोटांना सुटी मिळते ती याच्यामुळे. टिप फेकायचं बटण वेगळं असेल तर अंगठा किती लांब न्यावा लागतो? डावखुऱ्या असाल तर आकडा दिसतो का, की दर वेळी पिपेट फिरवून बघावी लागते? व्हॉल्यूमचा नॉब एका हातानं फिरतो का? हे सगळं पाच मिनिटांत कळत नाही. तिसऱ्या दिवशी कळतं.

इलेक्ट्रॉनिक पिपेटबद्दल हमखास विचारतात. दाबायचं काम मोटर करते, म्हणून अंगठ्याला खरंच आराम. एकदा भरून दहा वेळा सारखं सोडायचं असेल तर मस्त. पण ती जड असते. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये टिप फेकायला अंगठाच लागतो, म्हणजे सगळ्यात जड काम तुमच्याकडेच राहिलं. खरेदीच्या आधी हे विचाराच. माझं मत असं, की एकाच व्हॉल्यूमचं वाटप खूप असेल तर इलेक्ट्रॉनिकपेक्षा आधी रिपीटर बघा. सिरिंजसारखी मोठी टिप एकदा भरायची आणि टक टक टक वाटत जायचं. मीडिया, एलायझाचे रिएजंट, यासाठी याला तोड नाही.

आता थोडा गणिताचा मुद्दा, कारण अचूकता आणि हात यांचं भांडण लावायचं कारण नाही. २० मायक्रोलिटर घ्यायचेत. तुमच्याकडे २०० ची पिपेट आहे, त्यावर २० येतंय, म्हणून घेता. आयएसओच्या मर्यादेप्रमाणे २०० च्या पिपेटला ०.८ टक्के, म्हणजे १.६ मायक्रोलिटरपर्यंतची चूक चालते, आणि ती मर्यादा पूर्ण व्हॉल्यूमवर मोजलेली असते. तुम्ही २० घेतानाही १.६ ची चूक नियमात बसते. म्हणजे ८ टक्के! तेच २० च्या पिपेटनं घेतलं तर मर्यादा १ टक्का, ०.२ मायक्रोलिटर. आठपट फरक. म्हणून व्हॉल्यूम पिपेटच्या वरच्या दोन-तृतीयांशात येईल अशी पिपेट उचलावी. आणि हाताशी संबंध असा, की चुकीच्या पिपेटनं केलेली प्लेट परत लावावी लागते. परत ६७३.

कोटेशनच्या पुढचा अडसर म्हणजे एल-वन. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर सगळ्यात कमी किंमत जिंकते, आणि जेम पोर्टलवर टाकलं की काय येईल याची धाकधूक. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. किंमत तुलना होते ती तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये. म्हणजे जी अट तुम्ही लिहिलीच नाही, तिच्यावर कुणी हरणार नाही. "मायक्रोपिपेट, १०० ते १००० मायक्रोलिटर, ऑटोक्लेव्ह होणारी" एवढंच लिहिलं तर दगडासारखी पिपेट येणार, आणि तक्रार करायला जागा नाही. मग अटींमध्ये लिहा, की प्लंजरचा आणि टिप फेकण्याचा जास्तीत जास्त दाब इतके न्यूटन. किती, ते डेमोत आवडलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून ठरवा, म्हणजे एकाच कंपनीसाठी अट लिहिली असा आरोप होत नाही. आयएसओ ८६५५ प्रमाणे सर्टिफिकेट, तुमच्या शहरात सर्व्हिस, सील आणि ओ-रिंग किती वर्षं मिळणार, आणि सोबत लागू पडणाऱ्या टिपांचा वर्षभराचा दर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पिपेट एकदा घेतात, टिपा रोज. वर्षाचा टिपांचा खर्च मांडला की स्वस्त पिपेट कधी कधी महाग निघते, आणि उलटही होतं.

आणि ज्यांच्याकडे यंदा बजेटच नाही? तुमच्यासाठी. मघाशी म्हटलं ना, एकाच ब्रँडच्या दोन पिपेटचा दाब वेगळा निघतो. ग्रीस वाळलेलं असतं, सील घासलेलं असतं, कधीतरी कुणीतरी पिपेट आडवी केल्यामुळे आत गेलेलं मीठ जमलेलं असतं. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे उघडून, पुसून, त्यांनीच सांगितलेलं ग्रीस अगदी थोडं लावलं की काही पिपेट अक्षरशः लोण्यासारख्या चालतात. नारळाचं तेल नको, कृपा करून. सफाईनंतर वजनानं तपासा. शुद्ध पाणी, खोलीच्या तापमानाला आलेलं. १००० मायक्रोलिटर पाण्याचं काट्यावरचं वजन २० अंश सेल्सिअसला ०.९९७ ग्रॅमच्या आसपास भरतं, ३० अंशांना ०.९९५ च्या जवळ. दहा वेळा घ्या, सरासरी काढा. ८ मायक्रोलिटरपेक्षा जास्त फरक असेल तर कॅलिब्रेशनला पाठवा, शक्यतो एनएबीएलची मान्यता असलेल्या ठिकाणी. पेशंटचे रिपोर्ट निघत असतील तर ही घरगुती तपासणी पुरेशी धरू नका, तिथे वेळापत्रकाप्रमाणे कॅलिब्रेशनच हवं.

बसण्याबद्दल दोन वाक्यं, कारण यावर वेगळा भाग होईल. हजारची पिपेट, तिच्यावर लांब टिप, समोर उंच रॅक आणि पलीकडे उंच कचऱ्याचा डबा, अशी मांडणी असेल तर कोपर दिवसभर हवेत तरंगत राहतं आणि संध्याकाळी खांदा बोलतो. डबा बुटका घ्या आणि जवळ घ्या, रॅक तिरपा करा, स्टूल वर करा, टिपबॉक्स पिपेटच्या हाताच्या बाजूला ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. आणि त्या ब्रेकमध्ये रील्स स्क्रोल करू नका. तोच अंगठा आहे ना बाबांनो!

आता त्या व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणीला. तू लॅबमधली सगळ्यात ज्युनिअर आहेस आणि कोटेशन आणायचं काम तुझ्याकडे आलंय. बहुतेकांना हे हमालीचं काम वाटतं. पण अटींचा कागद जो लिहितो, तोच पिपेट निवडतो. तेव्हा सोमवारी असं कर. लॅबमध्ये जितक्या जणी पिपेट वापरतात तितक्यांना आठवडाभर मिनिटं लिहायला सांग. जुन्या पिपेटचे दाब काट्यावर मोज आणि प्रत्येकीवर कागदी टेप लावून आकडा लिही. सगळ्यात जड निघेल ती बाजूला काढून सफाईला दे. तीन डीलरांना पिपेट आणि टिपा दोन्हींचा डेमो माग. हे सगळं एका पानावर मांड, वर लॅबचं नाव, खाली तारीख, आणि मॅडमसमोर ठेव. "मॅडम, माझा हात दुखतो" हे सांगायला जड जात असेल, कॉन्ट्रॅक्टवर असशील तर जातंच, तर तो कागद ते तुझ्या वतीनं सांगेल. आणि डॉक्टरांकडे मात्र त्याच्याही आधी जा. दोन महिने पुष्कळ झाले. रात्रीही दुखायला लागायची वाट बघू नकोस.

तुमच्या जुन्या पिपेटचा काट्यावरचा आकडा किती आला, ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा, ब्रँडचं नाव न घेता. सगळ्यात जास्त कुणाचा येतो ते पुढच्या वेळी वाचून दाखवते. पुढचा भाग मायक्रोस्कोपवर वाकून बसणाऱ्या मानेचा. भेटू!